आमचं उघड, तर त्यांचंही उघड करा



आपला वनहक्काचा दावा ग्रामसभेत सगळ्यांसमोर वाचतात. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसतो, याचा पुरावा आपण देतो. पण कंपनीचा माणूस मंत्र्याला भेटला, काय मागून आला, हे आपल्याला जालन्यात कोण सांगतं?

अमेरिकेत असा खर्च सरकारकडं नोंदवावाच लागतो. म्हणून २०१२ साली कळलं, की भारतात शिरकाव मिळावा यासाठीही वॉलमार्टनं तिथं पैसा ओतला. आपल्याकडं तसा कायदा नाही. पण माहिती अधिकाराचं कलम ४ आहे. महत्त्वाचं धोरण ठरवताना सरकारनं माहिती आपणहून जाहीर करायची.

म्हणून भोकरदन तहसीलपासून मंत्रालयापर्यंत आपली एकच मागणी : जमिनीसाठी कोण भेटलं, कधी, काय मागितलं, ते वहीत लिहा. ती वही ग्रामसभेत वाचा.

जमीन आम्ही कसतो, तिचं बोलणंही आमच्यासमोरच होईल!