बंद तोंडांचा आवाज

सत्ता वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करते, तेव्हा बातमी लोकांपर्यंत कोणत्या वाटेने पोचावी? हुमनाबादचा मुलूख १९४८ पर्यंत निजामी अमलाखाली होता. तेथील वडीलधाऱ्या मंडळींना हा प्रश्न परका वाटावयाचा नाही. दोन स्त्रियांनी त्याचे उत्तर आपल्या कृतीने देऊन ठेवले आहे.

पहिल्या उषा मेहता. ‘छोडो भारत’ चळवळीत पुढारी गजाआड गेले असता, २७ ऑगस्ट १९४२ रोजी, अवघ्या २२ व्या वर्षी, त्यांनी सहकाऱ्यांसह मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. पोलिसांना माग लागू नये म्हणून जागा वारंवार बदलावी लागे. आष्टी-चिमूरच्या अत्याचारांची हकीकत या केंद्राने देशापुढे मांडली. १२ नोव्हेंबरला छापा पडला आणि उषाबाईंना चार वर्षांची शिक्षा झाली.

दुसऱ्या गोव्याच्या लिबिया लोबो. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पोर्तुगीजांनी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. पुढे सीमा बंद झाल्या. गोव्यातील वृत्तपत्रांवर सेन्सॉरची कात्री होतीच. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’ हे गुप्त केंद्र सुरू झाले. आधी आंबोलीच्या आणि नंतर कॅसलरॉकच्या रानातून लिबियाबाई पोर्तुगीज भाषेत, तर वामन सरदेसाई कोंकणीत बोलत. सत्ताधाऱ्यांच्या प्रचाराला उत्तर द्यावयाचे, ते त्यांच्याच भाषेत! पावसापाण्यात, जनसंपर्कावाचून हे व्रत सहा वर्षे चालले. कॅसलरॉक आणि हुमनाबाद ही दोन्ही गावे १ नोव्हेंबर १९५६ रोजी एकाच म्हैसूर राज्यात आली, ही गोष्टही ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. त्या दिवशी या दोघांनी विमानातून, ध्वनिवर्धकावरून, ती वार्ता गोमंतकीयांना ऐकविली. पुढे ते विवाहबद्ध झाले. लिबियाबाईंना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा त्यांनी वयाची शंभरी गाठली होती.

ध्वनिक्षेपकापुढील स्त्री म्हणजे कोणी लिहून दिलेले गोड गळ्याने वाचणारी, असा समज फार दिवस रूढ होता. या दोघींनी तो खोटा ठरविला. भिंतीआड दडलेल्या वा रानात राहिलेल्या वार्ताहराला ऐकणाऱ्याचा चेहरा दिसत नाही. ऐकणाऱ्यालाही बोलणारा दिसत नाही. दोघांमधला सांधा एकच, विश्वास. एक खोटी बातमी गेली, की तो तुटला. आज खऱ्याखोट्या वार्ता घरबसल्या क्षणात पसरविता येतात. म्हणूनच तोंड उघडण्यापूर्वी सत्याची खातरजमा करणे, हेच या दोघींचे खरे स्मरण होय.