खरेदीखतावरचा साक्षीदार



'नीती आणि कायदा' या विषयावर बोला, असं संयोजकांनी सांगितलं. पण मृग दोन आठवड्यांवर आला आहे. बियाणं आणि खताचा पैसा कुठून उभा करायचा, हा घोर घेऊन इथं बरेच जण बसले आहेत. त्यांच्यापुढं व्याख्यांचा काथ्याकूट करायला माझं मन घेत नाही. मी आज एकाच कागदाबद्दल बोलणार आहे, शेताच्या खरेदीखताबद्दल.

वऱ्हाडात हा कागद दोन कामांना येतो. एक म्हणजे शेत खरोखर विकायला. दुसरं काम तुम्हाला माहीत आहे. परवाना नसलेल्या सावकाराकडून पैसे घेतले की तारण म्हणून तो शेताची खरेदी करून मागतो. पैसे फेडलेस की खरेदी पलटवून देतो, असं तोंडी सांगतो. शेत तुम्हीच वाहता, पेरता, माल तुमच्याच घरी येतो. फक्त सातबाऱ्यावर नाव त्याचं चढतं. गावाच्या लेखी हे गहाण असतं आणि कायद्याच्या लेखी विक्री.

कायद्याला हे दिसत का नाही? मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा १८८२ चा. परत देण्याच्या अटीवर केलेली विक्री म्हणजे एक प्रकारचं गहाणच, हे त्याच्या कलम ५८ मध्ये आहे. पण १९२९ मध्ये त्यात दुरुस्ती झाली: ती अट त्याच खरेदीखतात लिहिलेली असेल तरच ते गहाण. वेगळ्या चिठ्ठीवर असेल किंवा नुसती तोंडी असेल, तर नाही. या दुरुस्तीमागं कुणाची दुष्ट बुद्धी होती असं मला वाटत नाही. घामाचे पैसे मोजून शेत घेणाऱ्या माणसालाही संरक्षण हवं. विकणारा चार वर्षांनी उठून 'ते गहाण होतं' म्हणायला लागला, तर कुणाचीच खरेदी टिकायची नाही. म्हणून कायदा कागदावर भर देतो. पण या प्रामाणिक खरेदीदारासाठी बांधलेल्या भिंतीच्या आडोशाला सावकार जाऊन बसला.

असं पूर्वीही झालं आहे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानं साध्या कर्जरोख्यांना तीन वर्षांची मुदत घातली. व्याज वर्षानुवर्षं साचू नये, हा हेतू चांगलाच होता. सावकारांनी काय केलं? दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घेतला आणि थकलेलं व्याज मुद्दलात मिळवलं. व्याज मुद्दलाहून जास्त घ्यायचं नाही, ही आपल्याकडची दामदुपटीची जुनी मर्यादा. रोखा नवा झाला की जुनं व्याजच मुद्दल व्हायचं, आणि ती मर्यादा नावापुरती उरायची. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी कुणबी उठले, आणि तो वणवा अहमदनगर जिल्ह्यापर्यंत गेला. त्या दंग्यात लोकांना मुख्यतः सावकारांचे जीव नको होते, रोखे हवे होते. जिथं ते हाती लागले तिथं जाळले. अन्याय कुठं लिहिलेला आहे, हे त्या निरक्षर माणसांना नेमकं ठाऊक होतं.

त्यानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. पुढं १९०७ मध्ये त्यात एक कलम घातलं गेलं, ते मला फार मोलाचं वाटतं. कागदावर काहीही असो, मूळ व्यवहार कसला होता हे न्यायालयानं तपासावं, असं ते सांगत होतं. मात्र तो कायदा सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता. आपलं वऱ्हाड तेव्हा वेगळ्याच कारभाराखाली होतं.

आता माझी गोष्ट सांगतो. ती इतकी वर्षं मी कुठल्या सभेत सांगितलेली नाही.

वकिलीच्या सुरुवातीला मी खरेदीखतं लिहायचो. एकदा एक शेतकरी सावकाराबरोबर आला. साडेचार एकर शेत. कागदावर किंमत लिहायची वेळ आली तेव्हा मी त्याला विचारलं, "पैसे किती मिळाले?" तो म्हणाला, "लिहा न साहेब काय लिहाचं ते. मानूस वयखीचा हाये." मी आकडा लिहिला. पूर्ण रक्कम रोख पावली, हेही लिहिलं. त्याच्या चुलतभावानं साक्षीदार म्हणून सही केली, मी लेखक म्हणून केली. रक्कम पावली नव्हती, हे आम्हा चौघांनाही माहीत होतं. कायद्याच्या दृष्टीनं त्या कागदात एकही चूक नव्हती. मी तो फार काळजीपूर्वक लिहिला होता.

सहा वर्षांनी शेताजवळून रस्ता झाला, भाव चढला आणि सावकारानं ताबा मागितला. शेतकरी माझ्याकडं आला. "तुमाले त सारं माईतच हाये," एवढंच म्हणाला. मी त्याला सांगितलं, "कागदावर तुझी सही आहे, बाबा." त्याच्याबरोबर माझीही होती, हे मात्र मी बोललो नाही.

त्याच माणसाची दुसरी बाजू सांगतो. त्याच्या वडिलांनी एका दुकानदाराकडून उधारी घेतली होती. तिची मुदत केव्हाच संपली होती, कोणतंही न्यायालय ती वसूल करून देणार नव्हतं. बापाचं देणं केवळ धर्म म्हणून मुलाच्या माथी मारता येणार नाही, असं तर २००५ पासून वारसा कायद्यातच आलं आहे. तरी त्यानं तुरी विकून ती उधारी फेडली. जिथं कायदा त्याला सोडून देत होता तिथं तो स्वतःला सोडत नव्हता. मला वाटतं, सावकार कागदापेक्षा जास्त भरवसा याच्यावर ठेवून असतो. हा माणूस दिलेला शब्द मोडणार नाही, हेच त्याचं खरं तारण.

२०१४ मध्ये महाराष्ट्राचा सावकारी नियमनाचा कायदा आला. विनापरवाना सावकारीला त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. आणि सावकारीच्या व्यवहारात गेलेली जमीन, खरेदीखत झालेलं असलं तरी, मागच्या पंधरा वर्षांतली असेल तर जिल्हा उपनिबंधक चौकशी करून ती परत देववू शकतो. १९०७ च्या त्या कलमाची दृष्टी इतक्या वर्षांनी आपल्या वाशीम जिल्ह्यापर्यंत पोचली. पण चौकशी म्हणजे तरी काय? शेत कोण वाहत होतं, पैसे किती आले, कुणासमोर आले, हे कुणीतरी येऊन सांगायचं. कागदाच्या मागं बघण्याचा अधिकार कायदा अधिकाऱ्याला देतो. तिथं काय आहे ते सांगायला माणूस मात्र गावातूनच यावा लागतो. आणि गावात सावकाराशी वाकडं कोण घेणार? उद्या आपल्यालाही त्याचीच पायरी चढायची असते.

त्या शेतकऱ्याची बायको पिशवीत कागद घेऊन आली. अर्ज केला होता, साक्षीदार मिळत नव्हता. "तुमी याल काय सांगाले?" असं तिनं विचारलं.

मी गेलो. माझ्यासमोर पैसे दिले गेले नाहीत, मी खोटं लिहिलं, असं सांगितलं. सावकाराच्या वकिलानं मला विचारलं, आणि त्याचा प्रश्न रास्त होता, "तेव्हा लिहिलं ते खरं, की आज सांगता ते खरं?"

मी म्हटलं, "आज सांगतो ते."

खोलीत थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मागच्या बाकावरून, कुणी बोलावलं नसताना, तो चुलतभाऊ उठला. टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाला, "साहेब, माईबी सही हाये त्याच्यावर. माह्यंबी नाव लिहा."