दव आणि धुके



'दव पडले' व 'धुके पडले' असे आपण एकाच क्रियापदाने बोलतो. त्या क्रियापदाने मला एकदा फसविले.

चौथीच्या वर्गास मी प्रश्न घातला होता : 'दव कोठून येते?' 'आकाशातून पडते' हे माझे ठरलेले उत्तर. एका शेतकऱ्याच्या मुलाने लिहिले की, दव पडत नसावे, कारण आमच्या गोठ्याचा पत्रा पहाटे आतूनही ओला असतो. 'मग तुमच्या गोठ्यात आकाश आहे काय?' असे मी भर वर्गात विचारले. वर्ग हसला. मुलास शून्य गुण मिळाले.

पुढे कित्येक वर्षांनी विल्यम चार्ल्स वेल्स ह्या लंडनच्या वैद्याचे प्रयोग वाचनात आले. १८१४ साली त्याने दवावर निबंध प्रसिद्ध केला. निरभ्र रात्री तो लोकरीचे पुंजके तोलून उघड्यावर ठेवी व मागाहून पुन्हा तोली. फळीच्या खालच्या अंगास लावलेल्या पुंजक्याचे वजनही वाढे. वरच्याहून कमी, पण वाढे. वरून पडणारी वस्तू फळीखाली कशी जाईल?

खरा प्रकार असा. रात्री गवत, पाने, पत्रा आपली उष्णता आकाशाकडे टाकून भोवतालच्या हवेहूनही थंड होतात. ३० अंशांवरील एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावते, १० अंशांस जेमतेम ९. न मावणारे बाष्प त्या थंड अंगावरच पाणी होऊन बसते, ते दव. धुक्यात हवाच थंड होते आणि पाणी सूक्ष्म कणांभोवती जमून तरंगत राहते. दृष्टी १ किलोमीटरच्या आत आली म्हणजे वेधशाळा त्यास धुके म्हणते. आंब्याखालचे गवत दवाने फारसे भिजत नाही, कारण झाड त्यास आकाशापासून झाकते. धुके मात्र झाडाखालीही शिरते. (संस्कृतात 'दव' म्हणजे वणवा. त्याच दोन अक्षरांचे मराठीत पाणी झाले आहे, हे जाता जाता सांगतो.)

शेतकऱ्यांच्या घरी हा भेद पुस्तकावाचून ठाऊक असतो. हरभऱ्यावर रात्री फडके पसरून पहाटे आंब पिळून घेणारी म्हातारी आभाळ भरलेले पाहिले की फडके घडी करून ठेवते.

तो मुलगा आता द्राक्षबागायतदार आहे. पाने ओली राहिली तर केवडा येतो, म्हणून पहाटे उठून पाने चाचपतो. गेल्या पौषात भेटला, तेव्हा मी त्याजपाशी माझी चूक कबूल केली.

'गुरुजी, तो पत्रा अजून तसाच आहे,' इतकेच तो म्हणाला.