सैल पडणारं हृदय



आम्हा कवींनी हृदयावर फार भार टाकला आहे. प्रेम तिथं, विरह तिथं, दगाफटक्याची जखमही तिथंच. मागल्या वर्षी माझा इको काढला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "चाचा, तुमचं हृदय आवळतं झकास, पण सैल पडायला वेळ लावतं. वजन उतरवा."

मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. हृदय धडधडतं, एवढंच मला ठाऊक. दोन ठोक्यांच्या मधे ते सैल पडतं आणि तेव्हाच त्यात रक्त भरतं, हे वयाच्या पन्नाशीनंतर कळलं. पण त्याचा पोटाशी काय संबंध? म्हणून वाचत गेलो, तर गाठ पडली उंदरांशी.

अमेरिकेत मेन राज्यातल्या जॅक्सन प्रयोगशाळेत 1949 साली उंदरांची एक लठ्ठ जात आढळली. ते उंदीर खातच सुटत. कारण 1994 साली उलगडलं. चरबीतून लेप्टिन नावाचं संप्रेरक पाझरतं आणि 'आता पुरे' हा निरोप मेंदूला देतं. या उंदरांत ते तयारच होत नाही. वय वाढतं तशी त्यांच्या हृदयाची भिंत जाड होते, स्नायूत चरबी साचते आणि सैल पडणं मंदावतं. माझ्या इकोचा अहवाल मला तिथं भेटला!

आता दुसरी बाजू. कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके यांनी 1935 साली दाखवलं, की जीवनसत्त्वं आणि क्षार पुरेसे देऊन नुसतं खाणं कमी केलं, तर उंदीर जास्त जगतात. पुढं माकडांवर प्रयोग झाले. विस्कॉन्सिन विद्यापीठानं 1989 पासून काही माकडांचं खाणं सुमारे 30 टक्क्यांनी घटवलं. 2009 साली निष्कर्ष आला, की त्यांच्यात हृदयविकार निम्म्यानं कमी. पण अमेरिकेच्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेनं असाच प्रयोग केला होता. त्यांनी 2012 साली सांगितलं, की आयुष्य काही वाढलं नाही.

मग खरं कोण? 2017 साली दोन्ही गटांनी आपली माहिती शेजारी ठेवून पाहिली. विस्कॉन्सिनची तुलनेसाठी ठेवलेली माकडं मनसोक्त खात होती आणि त्यांच्या अन्नात साखरही बरीच होती. दुसरीकडे तुलनेच्या माकडांनाही मोजूनच मिळत होतं. म्हणजे बेतानं खाणाऱ्याचं खाणं आणखी घटवून फारसं साधत नाही. फायदा होतो तो हात न आवरणाऱ्याचा. मी त्यातलाच.

मला धीर दिला तो 2014 सालच्या एका अभ्यासानं. दोन वर्षांच्या, म्हणजे म्हाताऱ्याच म्हणायच्या उंदरांना दहा आठवडे कमी खायला दिलं. त्यांची हृदयं पुन्हा बरी सैल पडू लागली. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरं. तरी उतारवयातही हृदय थोडं मागं वळतं, हे वाचून बरं वाटलं.

एक मात्र सांगितलं पाहिजे. कमी खाणं वेगळं आणि उपासमार वेगळी. 1972 च्या दुष्काळात मी तान्हा होतो. खडी फोडून आलेल्या बाया सुकडीवर दिवस कसे काढत, ते आई सांगायची. तशा उपासमारीत शरीर हृदयाचा स्नायूही झिजवतं. ज्याच्या ताटात आधीच कमी आहे, त्याला हे प्रयोग सांगू नयेत.

माझ्या ताटात कमी नाही. रमजानचे रोजे मी धरतो, पण इफ्तारला भज्यांवर दिवसभराची कसर निघते. 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण आमच्या दस्तरखानालाही लागू पडते! तेव्हा उपासाच्या नावावर मला सवलत नाही.

पिंजऱ्यातल्या माकडांचं खाणं दुसऱ्यानं मोजलं. माझं मलाच मोजावं लागतं, आणि ते अवघड जातं. बेगम तिसरी भाकरी पुढं करते, तेव्हा मी ताटावर हात आडवा धरतो. ती विचारते, "कालवण बिघडलं का?" कालवण नेहमीसारखंच फक्कड असतं, हीच तर अडचण आहे.

पुढच्या महिन्यात पुन्हा इको आहे. बघू या, किती सैल पडतंय ते.