लिव्हरपूलच्या नगरसभेतील एक अपक्ष सभासद : एलिनॉर रॅथबोन

पक्षाचा टिळा कपाळी न लावता सार्वजनिक कामात पडणारा मनुष्य बहुधा ना घरचा ना घाटचा समजला जातो. सभागृहात त्याचे मत एकच असते. त्याच्या पाठीशी पक्षाचा निधी नसतो, कार्यकर्त्यांची फौज नसते, आणि ठराव मांडावयाचा तर अनुमोदनासाठीही त्यास दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागते. अशा माणसाच्या हातून काही भरीव कार्य होऊ शकते काय, हा प्रश्न लोकशाहीत पुनःपुन्हा उभा राहतो. नुसत्या तर्काने त्याचा निकाल लावण्यापेक्षा एखादे चरित्र डोळ्यांपुढे ठेवून विचार करणे अधिक बरे. इंग्लंडातील लिव्हरपूल शहराच्या नगरसभेत १९०९ पासून १९३५ पर्यंत, म्हणजे सुमारे सव्वीस वर्षे, एका बाईंनी कोणत्याही पक्षाचे नाव न लावता सभासदत्व चालविले. त्यांचे नाव एलिनॉर रॅथबोन.

ब्रिटनमध्ये अपक्ष सभासद ही तशी अपूर्वाईची गोष्ट नव्हे. खेड्यापाड्यांतील कौन्सिलांत, तसेच स्कॉटलंडच्या उत्तरेस असलेल्या ऑर्कनी व शेटलंड ह्या बेटांत पक्षाचे नाव न घेता निवडून येण्याची परंपरा जुनी आहे. तेथे मतदार उमेदवारास नावागावानिशी ओळखतात. लिव्हरपूलसारख्या अफाट बंदराची गोष्ट वेगळी होती. आयर्लंडातून पोटासाठी आलेले कॅथॉलिक मजूर आणि तेथले प्रोटेस्टंट मजूर ह्यांच्यात हाडवैर होते. १९०९ सालच्या उन्हाळ्यात तर त्या शहरात धर्मद्वेषाचे मोठे दंगे झाले. मते ह्याच भेदावर विभागली जात. काँझर्व्हेटिव्ह पक्षाची सूत्रे आर्चिबाल्ड सॅल्व्हिज नामक धुरंधर गृहस्थाच्या हाती होती, आणि आयरिश वस्तीत आयरिश नॅशनलिस्टांचा शब्द चाले. दंगे झाले त्याच वर्षी ग्रॅन्बी नावाच्या वॉर्डातून रॅथबोनबाई अपक्ष म्हणून उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. लिव्हरपूलच्या नगरसभेतील त्या पहिल्याच स्त्री-सभासद होत.

त्यांचे घराणे व्यापारी व सधन होते. लिव्हरपूलची भरभराट ज्या काळी गुलामांच्या व्यापारावर चालली होती, त्या काळीही ह्या घराण्यातील एका पूर्वजाने त्या व्यापारास उघड विरोध केला होता. एलिनॉरबाईंचे वडील विल्यम रॅथबोन हे पार्लमेंटचे सभासद होते. गरिबांच्या घरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांची व्यवस्था त्यांनी १८५९ साली लिव्हरपुलात सुरू केली, व त्या कामी त्यांस फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्यांचे साहाय्य लाभले. जे करावयास हवे ते करता येतेच, अशी त्या घरची शिकवण होती.

एलिनॉरबाईंचा जन्म १२ मे १८७२ चा. ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात त्यांनी ग्रीक-लॅटिन वाङ्मय व तत्त्वज्ञान ह्यांचे अध्ययन केले. मात्र त्या काळी ऑक्सफर्ड स्त्रियांना परीक्षेस बसू देई, पदवी देत नसे. अध्ययन संपल्यावर त्या लिव्हरपुलास परतल्या आणि गोरगरिबांच्या घरी जाऊन चौकशी करण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले. तत्त्वज्ञानाचा अभ्यास केलेली ही श्रीमंताची कन्या गोदीतील मजुरांच्या अंधाऱ्या खोल्यांत बसून घरखर्चाचा हिशेब टिपून घेऊ लागली.

गोदीतील मजुरीची पद्धत मोठी विलक्षण होती. मजुरास काम मिळावयाचे ते अर्ध्या दिवसापुरते. सकाळी ठरलेल्या जागी सर्वांनी जमावयाचे. मुकादम येऊन हव्या त्या माणसांस निवडून घेई आणि उरलेले रिकाम्या हातांनी घरी जात. एका आठवड्यास बऱ्यापैकी मजुरी, तर दुसऱ्यास जवळजवळ काहीच नाही, असा प्रकार. १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात बाईंनी अशा कुटुंबांचे आठवड्या-आठवड्याचे जमाखर्च मांडून दाखविले. हातातोंडाची गाठ पडावी म्हणून गृहिणी सोमवारी नवऱ्याचे चांगले कपडे गहाण टाकी व पैसे येताच सोडवून आणी. वाण्याकडची उधारी वाढत जाई. आणि कमी पडलेच तर सर्वांआधी स्वतःच्या ताटातले कमी करी. मजुरी ठरविताना पुरुषाच्या श्रमाचा विचार होई. त्याच्या घरी खाणारी तोंडे किती, हे कोणीच विचारीत नसे. ह्या साध्या निरीक्षणातून एलिनॉरबाईंच्या पुढील साऱ्या कार्याचा उगम झाला.

तेव्हाच्या नगरसभेची घडणही समजून घेण्यासारखी आहे. प्रत्येक वॉर्डातून तीन सभासद निवडून येत, व दरवर्षी त्यांपैकी एकाची मुदत संपे. ह्यांखेरीज सहा वर्षांच्या मुदतीचे 'आल्डरमन' असत. त्यांची निवड मतदार करीत नसत, सभाच करी. सभासदांस वेतन नव्हते. खरे काम चाले ते समित्यांतून. कर भरणाऱ्या अविवाहित व विधवा स्त्रियांस म्युनिसिपल निवडणुकीत मत देण्याचा अधिकार १८६९ पासून होता, परंतु नगरसभेत बसण्याचा अधिकार १९०७ च्या कायद्याने मिळाला. पार्लमेंटसाठी मत देण्याचा हक्क तर १९१८ पर्यंत कोणत्याच स्त्रीस नव्हता. म्हणजे शहरातील घरे, पाणी व आरोग्य ह्यांचा कारभार पाहणाऱ्या ह्या बाईंस नऊ वर्षे देशाच्या कायदेमंडळासाठी साधे मतही देता येत नव्हते!

पक्षाच्या सभासदास पक्षाची आज्ञा असते. अपक्षास स्वतःच घर धुंडाळून माहिती आणावी लागते. रॅथबोनबाईंनी हीच आपली शिदोरी मानली. गरिबांच्या कायद्याखाली लिव्हरपूलमधील विधवांस कशी तुटपुंजी मदत मिळते, ह्याचा अहवाल त्यांनी १९१३ साली प्रसिद्ध केला. त्याच वर्षी नेसी स्टुअर्ट-ब्राउन ह्यांच्यासह त्यांनी नागरिक स्त्रियांची एक संस्था स्थापिली. स्त्रियांस नागरिकत्वाचे शिक्षण मिळावे हा तिचा हेतू. सरकारने १९२५ साली विधवांस आठवड्यास १० शिलिंग पेन्शन देण्याचा कायदा केला. ते श्रेय अर्थातच एकट्या बाईंचे नव्हे. पण ज्या थोड्या लोकांनी हा विषय पुढे रेटला, त्यांत त्यांची गणना होते.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले आणि लिव्हरपूलमधील हजारो पुरुष सैन्यात व आरमारात गेले. त्यांच्या बायकामुलांस सरकारी पैसे वेळेवर मिळेनात. ती व्यवस्था लावण्याचा भार एलिनॉरबाईंनी उचलला. सैनिकाच्या पत्नीस मिळणारी ही रक्कम मुलांच्या संख्येप्रमाणे वाढे, आणि ती पडे थेट तिच्याच हातात. अनेक घरांत प्रथमच ठरलेल्या वारी ठरलेला पैसा येऊ लागला. नवरा रणांगणावर असूनही मुले पूर्वीपेक्षा चांगली पोसली जात आहेत, असे बाईंच्या दृष्टीस पडले. शांततेच्या काळात हे का होऊ नये? त्यांनी १९२४ साली 'द डिसइन्हेरिटेड फॅमिली' हा ग्रंथ लिहून ही मागणी शास्त्रशुद्ध रीतीने मांडली.

मागणी मांडणे सोपे, पटविणे कठीण! कामगार संघटनांस भीती वाटे की मुलांसाठी पैसा मिळू लागला तर मालक मजुरी कापतील. इतरांस वाटे की बापाची जबाबदारी सुटेल. पाठीशी पक्ष नसल्याने ह्या टीकेचा मारा बाईंना एकट्यानेच सोसावा लागला. १९२२ साली त्या ईस्ट टॉक्स्टेथ मतदारसंघातून पार्लमेंटसाठी अपक्ष उभ्या राहिल्या आणि पराभूत झाल्या. परंतु नगरसभेतील जागा त्यांनी सोडली नाही. शहराने बांधलेल्या घरांचे भाडे मोठ्या कुटुंबांस परवडत नाही. तेव्हा मुलांच्या संख्येप्रमाणे भाड्यात सूट असावी, असा आग्रह त्यांनी धरला. १९२९ साली इंग्लंडातील विद्यापीठांच्या संयुक्त मतदारसंघाने त्यांस पार्लमेंटात पाठविले, तेही अपक्ष म्हणूनच. आणि मरेपर्यंत ती जागा त्यांच्याकडे राहिली. पुढची सहा वर्षे लिव्हरपूल व लंडन ह्या दोन्ही सभागृहांत त्या काम करीत होत्या.

पार्लमेंटात गेल्यावर त्यांचे लक्ष हिंदुस्थानाकडे वळले, आणि येथे त्यांच्या चरित्रातील एक उणी बाजू दिसून येते. कॅथरिन मेयोचे १९२७ सालचे 'मदर इंडिया' वाचून त्यांचे मन कळवळले. हिंदी स्त्रियांच्या स्थितीविषयी १९२९ च्या ऑक्टोबरात त्यांनी लंडनमध्ये परिषद भरविली. त्या वेळी धन्वंती रामराव ह्यांनी उभे राहून आक्षेप घेतला की, हिंदी समाजातील दोषांचा विचार हिंदी स्त्रिया करीतच आहेत. इंग्रज स्त्रियांनी त्यांवर परिषदा भरविणे उचित नव्हे. बाईंचा हेतू शुद्ध होता. १९३२ साली त्या स्वतः हिंदुस्थानात फिरून गेल्या, आणि १९३० पासून अमलात आलेला सारडा कायदा कसा कागदावरच राहिला आहे, हे त्यांनी १९३४ साली पुस्तक लिहून दाखविले. संमतिवयाच्या १८९१ सालच्या कायद्यावरून पुण्या-मुंबईत माजलेला वाद ज्यांस ठाऊक आहे, ते बालविवाहाचा प्रश्न क्षुल्लक होता असे म्हणणार नाहीत. तथापि लिव्हरपुलात त्या आधी मजुराच्या घरी बसल्या आणि मग बोलल्या. हिंदुस्थानाविषयी मात्र त्या आधी बोलल्या. हाच प्रकार १९४१ साली पुन्हा घडला. महायुद्धात ब्रिटनला साथ न देणाऱ्या हिंदी पुढाऱ्यांस दोष देणारे अनावृत पत्र त्यांनी लिहिले, तेव्हा अंथरुणास खिळलेल्या रवींद्रनाथ ठाकुरांनी त्यास अत्यंत कडक शब्दांत उत्तर दिले. पक्षाच्या बंधनातून सुटलेला मनुष्य स्वतःच्या खात्रीच्या बंधनातून सुटतोच असे नाही.

ह्या दोषाबरोबर त्यांचे धैर्यही सांगावयास हवे. नाझी छळातून निसटलेल्या निर्वासितांस आश्रय मिळावा म्हणून त्यांनी मंत्र्यांस इतके प्रश्न विचारले की त्या दिसताच अधिकारी वाट चुकवीत अशी त्यांची ख्याती झाली. १९३८ च्या म्युनिक करारासही त्यांनी विरोध केला.

आता ज्या गोष्टीचा प्रारंभ गोदीतील खोल्यांत झाला तिचा शेवट पाहू जाता, १९४२ साली बेव्हरिज अहवालाने मुलांसाठी भत्ता असावा अशी शिफारस केली. बेव्हरिज हे बाईंचा ग्रंथ वाचूनच ह्या मताचे झाले होते. १९४५ साली सरकारने विधेयक आणले. पहिले मूल सोडून प्रत्येक मुलामागे आठवड्यास ५ शिलिंग. परंतु पैसा बापाचा, असे त्यात कलम होते! बहात्तर वर्षांच्या बाई उठून म्हणाल्या की, हे कलम राहिले तर ज्यासाठी अर्धे आयुष्य वेचले त्याच विधेयकाविरुद्ध आपण मत देऊ. शेवटी सरकारने सभासदांस मोकळेपणाने मत देऊ दिले आणि पैसा आईच्या नावे झाला.

२ जानेवारी १९४६ रोजी एलिनॉरबाई वारल्या. भत्त्याचे पैसे प्रत्यक्ष वाटले जाऊ लागले ते त्याच वर्षीच्या ऑगस्टात. ते पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १९७७ पासून त्या भत्त्याची जागा नव्या योजनेने घेतली आणि तीत पहिल्या मुलाचाही समावेश झाला. एका मताच्या बळावर त्यांनी कोणताही कायदा संमत करून घेतला नाही; तो संमत केला पक्षांनी व मंत्र्यांनी. परंतु गोदीतील मजुराच्या बायकोने सांगितलेला हिशेब पस्तीस-छत्तीस वर्षे न विसरता, प्रथम नगरसभेपुढे व मग राष्ट्रापुढे, पुनःपुन्हा वाचून दाखविणारे कोणीतरी लागते. ते काम त्यांनी केले. आणि १९४६ च्या त्या ऑगस्ट महिन्यात लिव्हरपूलच्या पोस्टाच्या खिडकीपाशी रांगेत उभ्या राहिलेल्या आयांच्या हाती त्याचे फळ पडले.