हवेतले चार दाणे



आज आपण हवेबद्दल बोलणार आहोत. हवा म्हटलं की वाटतं, ती पहिल्यापासून अशीच आहे. पण तसं नाही. हवा बदलत आली आहे आणि आताही बदलते आहे. ती कशामुळे बदलते, हे आपण बायकांनी नीट समजून घ्यायला हवं. कारण धुराचा विषय निघाला की पहिलं बोट आपल्या चुलीकडे जातं.

आधी हवेत काय काय आहे ते पाहू. हिशोब तांदळाच्या दाण्यांनी मांडू. हवेतली पाण्याची वाफ बाजूला ठेवा. उरलेली कोरडी हवा म्हणजे परातीतले १०,००० दाणे समजा. त्यातले सुमारे ७,८०८ दाणे नायट्रोजनचे, २,०९५ ऑक्सिजनचे, म्हणजे प्राणवायूचे, आणि ९३ आर्गॉन नावाच्या वायूचे. मग कार्बन डायऑक्साइडचे किती? फक्त ४. या चार दाण्यांकडे आपण परत येऊ.

पृथ्वीचं वय सुमारे ४५० कोटी वर्षं. सुरुवातीच्या काळात तिच्या हवेत प्राणवायू जवळजवळ नव्हताच. तो केला समुद्रातल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांनी. त्यांना सायनोबॅक्टेरिया म्हणतात. ते उन्हाच्या बळावर आपलं अन्न तयार करत आणि प्राणवायू बाहेर टाकत. पण पहिला प्राणवायू हवेत राहिलाच नाही. समुद्राच्या पाण्यात लोखंड विरघळलेलं होतं. ओला तवा तसाच ठेवला की कसा गंजतो, तसं ते लोखंड गंजलं आणि तळाशी बसलं. त्या थरांचे पुढे पट्टेदार खडक झाले. गोव्याच्या खाणींतलं लोहखनिज अशाच खडकांतलं आहे.

सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी प्राणवायू हवेत साठू लागला. तेव्हाच्या कित्येक जिवांना तो विषासारखा होता. पण त्याच प्राणवायूपासून उंच आकाशात ओझोनचा थर तयार झाला. उन्हातले घातक किरण तो गाळून घेतो. म्हणून पुढे जमिनीवर झाडं आली, प्राणी आले, आपण आलो.

आता त्या चार दाण्यांकडे येऊ. १८५६ साली अमेरिकेत युनिस फूट नावाच्या बाईंनी एक साधा प्रयोग केला. काचेच्या नळ्यांत थर्मामीटर ठेवले. एका नळीत साधी हवा, दुसरीत कार्बन डायऑक्साइड भरला आणि नळ्या उन्हात ठेवल्या. कार्बन डायऑक्साइडची नळी जास्त तापली आणि तिला निवायलाही बराच जास्त वेळ लागला. हवेत हा वायू वाढला तर पृथ्वी तापेल, असं त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं. शास्त्रज्ञांच्या सभेत त्यांचा निबंध वाचला मात्र एका पुरुषाने. पुढे जवळजवळ दीडशे वर्षं त्यांचं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं.

चार दाण्यांनी एवढा फरक कसा पडतो? तापलेल्या जमिनीतून उष्णता वर जाते. नायट्रोजन आणि प्राणवायू तिला अडवत नाहीत. कार्बन डायऑक्साइड अडवतो. पातळ असली तरी गोधडी ती गोधडीच.

अडीचशे वर्षांपूर्वी हे दाणे तीनपेक्षाही कमी होते, २.८. १९५८ साली हवाई बेटावरच्या मौना लोआ डोंगरावर रोजची मोजणी सुरू झाली, तेव्हा ते ३.१५ होते. २०२४ साली ४.२ झाले. म्हणजे दीडपट.

मग हे आपल्या चुलीने केलं का? नीट ऐका. सरपणातला कार्बन झाडाने काही वर्षांपूर्वी हवेतूनच घेतलेला असतो. जाळला की तो परत जातो, नवं झाड वाढलं की पुन्हा घेतला जातो. शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी आणि फेडावी, तसं. झाडं तोडून पुन्हा लावलीच नाहीत, तर मात्र उसनं फिटत नाही.

दगडी कोळशाचं तसं नाही. चंद्रपूरचा कोळसा म्हणजे २५ कोटी वर्षांहून जुनं, गाडलं गेलेलं रान. पेट्रोल, डिझेलही असंच जमिनीखालचं. ही जुनी ठेव आपण दोन-अडीचशे वर्षांत उकरून जाळली. याला पुरावाही आहे. ताज्या लाकडात कार्बनचा एक खास प्रकार थोडासा असतो, कोळशात तो केव्हाच संपलेला असतो. कारखाने आणि गाड्या वाढल्या तसं हवेतलं त्याचं प्रमाण पातळ होत गेलं.

याचा अर्थ चुलीचा धूर चांगला, असा नाही. त्यातले बारीक कण आणि विषारी वायू आधी आपल्याच छातीत जातात, मग जवळ बसलेल्या लेकराच्या. म्हणून चूल बदला, धुराला बाहेर वाट काढून द्या, गॅस परवडत असेल तर वापरा. पण हे स्वतःच्या फुप्फुसांसाठी करा. जगाची हवा बिघडवल्याचा दोष डोक्यावर घेऊन नको.

बिघडलेलं सुधारता येतं का? येतं. फ्रिजमध्ये वापरले जाणारे काही वायू ओझोनचा थर खात होते. १९८५ साली अंटार्क्टिकावरच्या थराला पडलेलं भोक जगाला कळलं. १९८७ साली माँट्रियलला करार झाला, देशोदेशी ते वायू बंद होत गेले आणि थर आता हळूहळू भरून येतो आहे. माणसांनी ठरवलं म्हणून हे झालं.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेत सौर पंपाचा, झाडांचा किंवा कोळशाच्या राखेचा विषय निघाला, तर मागच्या ओळीत गप्प बसू नका. चार दाण्यांचा हिशोब आता तुम्हालाही येतो. तो मांडा.