मिळून वाचू या कादंबरी

डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच. त्या काळाचं मन ओळखायचं, तर यावलच्या वाचकांनी दोन महायुद्धांमधल्या कादंबऱ्या मिळून वाचाव्यात. सुरुवात विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण'ने करा. १९३९ ची ही छोटेखानी कादंबरी. युरोपातून निघालेल्या बोटीवर मराठी चक्रधर आणि मायदेशाला मुकलेली ज्यू तरुणी हॅर्टा भेटतात. मग विभावरी शिरूरकरांची 'हिंदोळ्यावर' आणि ज्ञानकोशकार केतकरांची 'ब्राह्मणकन्या' घ्या. दोन्ही लग्नाविषयी रोखठोक प्रश्न विचारतात. पुढचं पुस्तक निवडताना पानं बेताची, प्रती मिळण्याजोग्या आणि विषय दोन मतं पडतील असा बघा. महिन्याला एकच घ्या, पण चर्चेला सगळे जण ते पूर्ण वाचून या.